‘पोरगी कुठं दिली?’ : बोलण्यातला बाई-पुरुष भेद आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड आणि लातूर जिल्ह्यांच्या शिवेवरच्या गावांत मी २२ वर्षं मराठी शिकवलं. पालक मेळावा असो, बचत गटाची बैठक असो की ग्रामसभा, बोलण्यातल्या भेदाचा विषय निघाला की पुढचे प्रश्न येतातच. काही रागानं विचारलेले असतात, काही खरोखर कळून घ्यायचं म्हणून. ज्या शब्दांत विचारले गेले, जवळजवळ त्याच शब्दांत इथे दिले आहेत.

शब्दानं काय फरक पडतो, बाई? आमचे प्रश्न पाण्याचे, पिकाचे, मजुरीचे.

मराठवाड्यात तरी हा प्रश्न पडू नये. मराठवाडा विद्यापीठाच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव यावं म्हणून इथे १६ वर्षं लढा चालला. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाचा ठराव झाला. त्यानंतर वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. नाव म्हणजे नुसती पाटी असती, तर ती लावायला आणि अडवायला इतकं रक्त सांडलं नसतं. कुणाला कोणत्या शब्दानं ओळखायचं यावर त्याची गावातली जागा ठरते, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. फक्त बायांच्या बाबतीत आपण ते विसरतो.

आणि मजुरीचंच म्हणाल तर तीही शब्दातच ठरते. शेतात माणसं सांगताना म्हणतात, “दोन गडी अन् चार बाया सांगा.” गडी म्हटलं की एक हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी; बाई म्हटलं की त्याहून कमी. खुरपण, निंदणी, कापूस वेचणी ही ‘बायांची कामं’, आणि बायांची कामं म्हणजे ‘हलकी’. भर उन्हात दिवसभर उकिडवं बसून तूर निंदणं ज्यानं केलं आहे, त्यानं त्याला हलकं म्हणून दाखवावं. समान मजुरीचा कायदा १९७६ सालीच आला. पण कमी हजेरी देणाऱ्या शेतमालकाला आपण काही मोडतोय असं वाटतच नाही, कारण त्याच्या लेखी ‘बाईचा रोज’ नावाची एक वेगळीच वस्तू आहे. सोयाबीन काढणीचं गुत्तं, म्हणजे ठेका, घेतलं की मात्र एकराचा भाव ठरतो. तिथे बायांची टोळी सकाळी सहालाच शेतात उतरते आणि गड्यांच्या टोळीइतकंच रान मोकळं करते. तेव्हा हलकं काम कुठे जातं?

नेमकं कोणत्या बोलण्याबद्दल म्हणताय? आम्ही तर घरात शिवीसुद्धा देत नाही.

शिवी नंतर बघू. आधी क्रियापदं ऐका.

पोरगी कुठं दिली? औशाला दिली. कधी उजवली? गेल्या वर्षी. थोरल्याला बायको केली का? हो, जवळचीच सून आणली. धाकटी परत आली म्हणे? नवऱ्यानं टाकली. त्यानं दुसरी ठेवली.

दिली, उजवली, केली, आणली, टाकली, ठेवली. या एवढ्या बोलण्यात तीन-चार बायांची आयुष्यं येऊन गेली, पण त्यांतल्या एकीनंही काही केलेलं नाही. सगळं तिच्या बाबतीत केलं गेलं आहे. भांडं जसं देतात, आणतात, टाकतात, ठेवतात, तसं. तिनं स्वतः काही केल्याचं एकच क्रियापद गावात मोठ्यानं ऐकू येतं : ‘पळून गेली’. बरोबर पोरगाही गेलेला असतो, पण ‘पळाली’ ती, ‘तोंड काळं केलं’ तिनं, आणि नाक कापलं गेलं तिच्या बापाचं. पोराबद्दल म्हणतात, “त्यानं पळवली.”

‘टाकलेली’ हा शब्द मला सगळ्यांत जास्त सलतो. नवरा दारू पितो, मारतो म्हणून एखादी लेकरांना घेऊन स्वतःच्या पायानं माहेरी आली, तरी ती टाकलेली. खरं पाहिलं तर तिनं त्याला सोडलं. पण ‘टाकलेला’ असा नवरा आमच्या कुठल्याच गावात मी ऐकला नाही.

हे नुसतं बोलण्यापुरतं राहत नाही. लग्न म्हणजे ‘हात पिवळे करून मोकळं होणं’ असेल, तर दहावीची परीक्षा हा मोकळं व्हायच्या वाटेतला अडथळाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयाच्या बायकांना लग्नाचं वय विचारलं होतं. परभणीत ४८ टक्के जणींचं आणि बीडमध्ये जवळपास ४४ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं निघालं. राज्याचा आकडा २२ टक्क्यांच्या आसपास होता. माझ्या वर्गातून दिवाळीनंतर ज्या पोरी आल्याच नाहीत, त्यांच्याबद्दल आया मला अपराधी स्वरात काही सांगत नसत. “उरकून टाकलं मॅडम” असं म्हणत, सुटल्यासारखं.

‘कोयता’ या शब्दात काय वाईट आहे? तो तर धंद्याचा शब्द आहे.

धंद्याचा आहे म्हणूनच त्याच्याकडे नीट बघायला हवं.

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला गाड्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती ‘कोयत्याला’. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. म्हणजे दोन जिवांचं मिळून एक हत्यार, आणि त्या हत्याराच्या नावानं हिशेब. उचल घेतो नवरा, तीही बहुतेक वेळा बायकोला न विचारता. टनाचा दर कोयत्याला. ती ऊस साळते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत चढवते, पहाटे तीनला उठून भाकरी थापते, लेकरू उसाच्या सावलीला झोळीत टाकते. हिशेबाच्या वहीत तिचं नाव नाही. तिच्या हातात पैसा पडत नाही, कारण वहीच्या लेखी ती वेगळी कुणी नाहीच.

पण एक दिवस ती कामावर आली नाही, की मात्र ती वहीत दिसते : ‘खाडा’ म्हणून. खाड्याचा दंड कापतात. पाळीच्या दिवसांत पोट धरून बसायची सोय नाही, पालावर पाणी नाही, संडास नाही. मग दुखणं वाढतं, आणि कुणीतरी सांगतं, “पिशवी काढून टाक.” २०१९ साली राज्य सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कित्येकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. ‘गर्भाशय’ म्हटलं असतं तर तिनं एखादा प्रश्न विचारला असता, असं मला सारखं वाटतं. ‘पिशवी’ म्हटलं की ती खुंटीवरून काढून ठेवण्यासारखी वाटते. पुढे हाडं दुखतील, अंगातून आग निघेल, हे पिशवी या शब्दात कुठेच नाही.

म्हणून ‘कोयता’ हा नुसता धंद्याचा शब्द नाही. बचत गटाच्या एका बैठकीत मी बायांना विचारलं, गेल्या हंगामात तुम्ही किती कमावलं? एकीनं सांगितलं, “आमच्या कोयत्याला पन्नास फिटले, तीस अंगावर आलेत.” तुझे त्यात किती, विचारल्यावर ती हसली. तिला प्रश्नच कळला नव्हता, आणि त्यात तिचा काहीच दोष नव्हता.

मराठीत प्रत्येक शब्दाला लिंग आहे. मग भाषाच भेदभाव करते म्हणायचं का?

व्याकरणाला सरसकट दोष देणं मला पटत नाही. ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी आहे म्हणून कुणा पुरुषाचं अडलं नाही. नवरा-बायको दोघं आली की आपण ‘ती दोघं आली’ असं नपुंसकलिंगात म्हणतो; बाईला पुरुषात बुडवत नाही. हे मराठीचं मोठेपण आहे.

पण खोड आहेच. सुरा मोठा, सुरी लहान. डबा-डबी, लोटा-लोटी, गाडा-गाडी, दोर-दोरी. मोठं ते पुरुष, लहान ते बाई, हे पोरं अक्षरओळखीच्या आधीच शिकतात. दुसरी खोड हुद्द्यांची. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, मास्तरीण म्हणजे मास्तराची बायको. मी स्वतः शिकवत असूनही पहिली काही वर्षं गावातल्या म्हाताऱ्या विचारायच्या, “मास्तर कुठं हाईत?” ‘डॉक्टरीणबाई’ म्हटल्यावर आधी तिचा नवरा डॉक्टर आहे का, असं वाटावं, हे काही व्याकरणानं केलेलं नाही.

‘अहो’ म्हणणं, नवऱ्याचं नाव न घेणं हा आदर आहे. त्यातही खोट काढणार?

आदरात खोट नाही, तो एकाच बाजूला वाहतो त्यात आहे. ती म्हणते ‘अवं’, तो म्हणतो ‘ए’. ती म्हणते ‘आमचे मालक’, ‘धनी’. तो म्हणतो ‘घरची’, ‘मंडळी’. मालक म्हटलं की मालकीची वस्तू कोणती, ते सांगावं लागत नाही. कारभारी-कारभारीण ही जोडी मला आवडते, कारण त्यात दोघांच्याही हातात कारभार आहे.

सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीशी एक बाई उभी होती. नवऱ्याचं नाव विचारलं तर तिच्या तोंडून निघेना. शेवटी तिनं कडेवरच्या चार वर्षांच्या पोराला पुढे केलं, “सांग रे, पप्पाचं नाव सांग.” रांगेतले हसले. मागे लहान लेकरं रडत होती, ताप होता, आणि ही बाई एका नावापाशी अडली होती. मला तेव्हा हसू आलं नाही, आजही येत नाही.

आपल्याकडे बाईला देवी मानतात. मग असमानता कशी म्हणता?

तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका, साडेतीन शक्तिपीठांतली दोन आपल्या मराठवाड्यात. अंबाजोगाईची योगेश्वरी आहेच. नवरात्रात अनवाणी चालत तुळजापूरला जाणारी माणसं मी लहानपणापासून बघते आहे.

आणि त्याच घरात पोरगी उशिरा आली की ऐकू येतं, “कुठं उलथली होतीस गं भवाने?” हट्ट केला की ‘महामाया’. कुणाशी भांडली की ‘चंडिका’. पाचवीला लेकराच्या कपाळी नशीब लिहिणारी ती सटवाई, तिच्यावरून ‘सटवी’ ही शिवी. पुरुषाला हिणवायचं तर आपण राक्षस शोधतो, कुंभकर्ण म्हणतो. कळीचा नारद सोडला तर पुरुषदेवांची नावं आपण शिवीत सहसा वापरत नाही. कुणाला ‘ए मारुती’ म्हटलं तर तो छाती फुगवतो. देव्हाऱ्यात जिला हात जोडले, तिचंच नाव सुनेवर फेकून मारताना आपल्याला काहीच कसं वाटत नाही, हे मला खरंच समजत नाही.

शिव्या तर रागात तोंडातून जातात. त्याचा कशाला विचार?

दोन गडी बांधावरून भांडतात. मधे बाई कुठेच नाही. तरी पहिल्याच मिनिटाला दोघांच्याही आया-बहिणी त्या बांधावर ओढल्या जातात. दुसऱ्याला दुखवायचं तर त्याच्या घरातल्या बाईच्या अंगावरून जायचं, हा हिशेब त्यात असतो. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव केला : आई-बहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. दंडानं तोंड आवरतं का, यावर वाद होऊ शकतो. पण ग्रामसभेत उभं राहून पुरुषांनी हे चुकीचं आहे असं म्हणणं, एवढ्यासाठीच तो ठराव मोलाचा आहे.

विधवा बाईला काय म्हणायचं मग?

तिचं नाव घ्या. नातं असेल तर काकू, मावशी, आक्का म्हणा.

आपल्याकडे नवरा मेल्यावर बाईचं सगळं नावच बदलतं. ‘सौ.’ जातं, ‘श्रीमती’ येतं. जुन्या पत्रिकांत ‘गं. भा.’, म्हणजे गंगा भागीरथी, यायचं. बोलण्यात ‘पांढऱ्या कपाळाची’, आणि भांडणात जे म्हणतात ते मी इथे लिहीत नाही. बायको मेलेल्या पुरुषाच्या नावामागे काही लागत नाही, तो ‘श्री.’ होता तो ‘श्री.’च राहतो. एप्रिल २०२३ मध्ये सरकारी पातळीवरून विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरायची सूचना पुढे आली, तेव्हा राज्यभरातून बायांनी विरोध केला, आणि बरोबर केला. गोड नाव दिलं तरी नवरा मेल्याचा शिक्का तो शिक्काच. त्याआधी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करायचा ठराव केला होता, आणि राज्य सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. ते पाऊल मला जास्त खरं वाटतं.

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याची बायको बातम्यांत, सरकारी कागदांत, भाषणांत कायम ‘शेतकरी विधवा’ असते. नवऱ्यामागे आठ-दहा वर्षं तीच पेरते, तीच बियाण्याची उधारी फेडते, तीच रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जाते, कारण लाइट रात्रीची असते. तरी ती ‘शेतकरी’ होत नाही. तिला विचारलं तर तीही म्हणते, “मी बाई रानात जाते.” आमच्याकडच्या बायांच्या संघटनांनी ‘एकल महिला’ हा शब्द रुजवला आहे. विधवा, टाकलेली, बिनलग्नाची, या सगळ्यांना तो एका ओळीत उभं करतो. पुरता समाधानकारक नाही, पण त्यात कपाळ येत नाही.

बहिणीनं वाटा मागितला तर घर तुटतं. हेही भाषेमुळे का?

वाटा मागणं अवघड होतं ते बऱ्याच अंशी भाषेमुळेच.

महाराष्ट्रानं १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, २००५ साली केंद्राचा कायदा आला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा हक्क जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. कागद इतका पक्का आहे. तरी दस्त नोंदणीच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही करायला बहिणींची रांग असते. त्या सहीला गाव म्हणतं ‘भावाला सोडलं’, आणि त्याबदल्यात साडी-चोळी. भावानं घेतली तर ती ‘वाटणी’, बहिणीनं मागितली तर ‘दावा ठोकला’, ‘भावाच्या पोटावर पाय दिला’. जमीन एकच, कायदा एकच, शब्द दोन. लाखोंच्या जमिनीवर सही करताना बहीण कायद्याला भीत नाही, त्या दुसऱ्या शब्दाला भिते. आणि ‘माहेर तुटेल’ म्हणतात, तर मला विचारावंसं वाटतं : बाराशेच्या साडीवर उभं असलेलं माहेर किती पक्कं होतं?

सरपंच बाई असली तरी कारभार नवराच बघतो. त्यात बोलण्याचा काय संबंध?

तुमच्या गावात ‘सरपंच आले’ म्हटलं की कोण आलेलं असतं? महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा २०११ पासून बायांना राखीव आहेत. निवडून आलेली बाई ‘सरपंचबाई’, आणि तिचा नवरा नुसता ‘सरपंच’. खुर्ची त्यानं आधी हाकेत घेतली, बैठकीत नंतर. ज्या गावांत लोक ठरवून त्याला नावानं हाक मारतात, तिथे तो जरा मागे बसतो. हे मी पाहिलं आहे.

‘माझी मुलगी मुलगी नाही, मुलगाच आहे’ हे तर कौतुक आहे ना?

बापाच्या मनात कौतुकच असतं, मला शंका नाही. पण पोरीला कळतं ते एवढंच, की मुलगी म्हणून ती चांगली ठरली नाही. बाजूला बसलेल्या तिच्या धाकट्या बहिणीला काय कळतं, तेही बघा.

मुलींची नावं ठेवण्यातही भेद असतो का?

पूर्वी लेकरं जगत नसत, म्हणून मुलाचं नाव दगडू, धोंडू, केरबा असं ओबडधोबड ठेवायचे. देवाची, मृत्यूची नजर जाऊ नये आणि पोरगा राहावा म्हणून. मुलीचं नाव ‘नकुशा’ ठेवायचे ते पुढची मुलगी येऊ नये म्हणून. दोन्ही नावं कानाला वाईटच, पण एकात जीव वाचवायची धडपड आहे आणि दुसऱ्यात जीव नको असल्याचं जाहीर सांगणं. सातारा जिल्ह्यात २०११ साली अडीचशेहून जास्त नकुशांची नावं समारंभानं बदलली. आमच्याकडे हजेरीपटावर ते नाव आता क्वचित दिसतं, पण ‘पेढे की बर्फी?’ हा प्रश्न अजून आहे, आणि तिसऱ्या मुलीला ‘झाली अजून एक’ म्हणणारी सासूही आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे ८०७ मुली होत्या. ‘वंशाचा दिवा’ ही दोन शब्दांची गोष्ट नव्हती.

सगळ्या बायांना सारखंच बोललं जातं का?

नाही. गल्लीतल्या पाटलीणबाईंना ‘वहिनीसाहेब’, आणि त्यांच्याच वाड्यावर शेण-पाणी करणाऱ्या साठीच्या दलित बाईला किंवा तांड्यावरून आलेल्या लमाण बाईला वीस वर्षांचं पोरगं म्हणतं, ‘अगं ए’. ‘विटाळ’ हा एकच शब्द जातीसाठीही वापरला गेला आणि पाळीसाठीही. दोन्हीकडून ज्यांना तो लागला, त्या बायांच्या कानांनी ऐकल्याशिवाय ही चर्चा अर्धीच राहते.

यात पुरुषांचं काही नुकसान आहे का, की सगळा त्रास बायांनाच?

आहे. ‘बायल्या’, ‘हातात बांगड्या भर’, ‘बायकोच्या ताटाखालचं मांजर’, ‘रडतो काय बायकांसारखा’. अंगावर कर्ज आहे, पाऊस गेला आहे, बँकेची नोटीस आली आहे, आणि त्या गड्याला कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायची मुभा नाही. त्याच्या बायकोला पुष्कळदा कर्जाचा आकडा तो गेल्यावर कळतो. “बाईमाणसाला काय सांगायचं व्यवहारातलं” हे वाक्य त्याला एकटं पाडतं.

गंगाखेडची जनाबाई आपलीच. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, कांडतो, शेणी वेचतो. सातशे वर्षं आपण ते गातो आहोत, आणि कुणी विठ्ठलाला बायल्या म्हटलं नाही.

कायद्यात शब्दांबद्दल काही आहे का?

आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात टोमणे, अपमान, नावं ठेवणं हीसुद्धा हिंसा धरली आहे, आणि मूल नसल्यावरून किंवा मुलगा नसल्यावरून हिणवण्याचा तर वेगळा उल्लेख आहे. ‘वांझोटी’ हा शब्द घराच्या चार भिंतींत उच्चारला तरी तो कायद्याच्या कक्षेत येतो, हे गावात जवळजवळ कुणाला माहीत नसतं. बाईच्या लज्जेला धक्का लावण्याच्या हेतूनं बोललेल्या शब्दासाठी भारतीय न्याय संहितेच्या ७९ व्या कलमात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीश आणि वकिलांसाठी एक पुस्तिका काढली, बायांबद्दलचे कोणते शब्द निकालात वापरू नयेत आणि त्यांच्याऐवजी कोणते वापरावेत हे सांगणारी. न्यायमूर्तींना शब्द तपासावेसे वाटले, तर आपल्याला पारावर तपासायला हरकत नाही.

मग बोलायचं तरी कसं? सगळी भाषा बदलायची का?

भाषा आहे तीच पुरेशी आहे, दुसरीकडून काही आणायला नको. ‘पोरगी कुठं दिली’च्या जागी ‘पोरीचं लग्न कुठं झालं’. ‘टाकलेली’ऐवजी ‘वेगळी राहते’. ‘कावळा शिवला’, ‘अडचण आहे’ असलं काही न म्हणता ‘पाळी आली’. ‘बायकोला मदत करतो’ असं न म्हणता ‘भाकरी करतो’, कारण मदत म्हटलं की काम तिचंच राहतं. मजूर सांगताना ‘सहा माणसं सांगा’ म्हणा आणि एकच हजेरी सांगा. नुसता शब्द बदलून हजेरी तीच ठेवली तर ती फसवणूक होईल.

शाळेत मी एक खेळ घ्यायचे. आठवीच्या पोरांना सांगायचे, आजच्या दिवसात घरात आईबद्दल जे बोललं गेलं ते बाबांच्या नावानं लिहा. “बाबा दिवसभर घरीच असतात, काही करत नाहीत.” “बाबांना इकडे दिलंय, त्यांचं माहेर परळीला.” आधी वर्ग खदाखदा हसायचा. मग एखादं पोरगं गप्प व्हायचं, आणि बाकीचेही. आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. हजेरी घेताना तो पूर्ण वाचायला हवा.

पण बायाच बायांना असं बोलतात. मग पुरुषांना का बोल लावता?

बाया बोलतात, खरं आहे. ज्या शब्दांत त्या वाढल्या, त्याच शब्दांत त्या लेकी-सुनांना वाढवतात. त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते, कारण समोर माझी आई येते.

दोन वर्षांपूर्वी पिकाच्या नुकसानीचा पंचनामा करायला माणूस आला. सोयाबीन पाण्यात गेलं होतं. आईचं वय तेव्हा ७४. गुडघ्यापर्यंत चिखलात उभी राहून तिनंच त्याला बांध न् बांध दाखवला, कोणत्या तारखेला पेरलं, कोणतं बी, किती पोती खत, सगळं तोंडपाठ सांगितलं. त्यानं लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, “शेती कोण करतं, मावशी?”

आई म्हणाली, “आमचे मालक.”

वडलांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मी शेजारीच उभी होते. त्या माणसानं खाली मान घालून वडलांचं नाव लिहिलं.